लढवय्याची फिल्म कुठे संपते? श्मेलिंग, मॅकग्रेगर आणि आपले खाशाबा



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. घरात बारा ते सतरा वयाचं मूल असेल तर जरूर वाचा, मुलगा असो वा मुलगी.

‘मुलगा नेटफ्लिक्सवर त्या कॉनर मॅकग्रेगरची मालिका बघत बसतो. बघू द्यावी का?’ हा प्रश्न आपल्या आई-बाबांच्या गप्पांत हल्ली वरचेवर येतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, बंद करा, रक्तपात आहे नुसता. दुसरा म्हणतो, अहो, गरिबीतून वर आलेला माणूस आहे, मेहनत काय असते ते तरी कळेल. मला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतात. कारण आपण ज्या देशात मुलं वाढवतोय, त्या जर्मनीत हा प्रश्न पूर्वीही दोनदा आला होता, एकदा १९३६ साली सिनेमागृहात आणि एकदा २०१० साली टीव्हीवर. त्या दोन्ही गोष्टी माहीत असल्या की मुलाशी काय बोलायचं हे ठरवणं सोपं जातं.

आधी ज्यांना या खेळाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. बॉक्सिंगचे ठोसे, किकबॉक्सिंगच्या लाथा, कुस्तीची पकड, जुडोची फेक, जिउ-जित्सूचे गळा नि सांधे आवळायचे डाव, सगळं एकाच लढतीत चालतं. लढत जाळीच्या आठ बाजूंच्या कुंपणात होते. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदाची लढत असेल तर पाच. यूएफसी ही या धंद्यातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी.

मॅकग्रेगर हा डब्लिनच्या क्रमलिन भागातला पोरगा, जन्म १९८८ चा. प्लंबरचं काम शिकत होता, ते सोडून लढायला लागला. एप्रिल २०१३ मध्ये स्टॉकहोमला यूएफसीत पहिली लढत जिंकली आणि ६०,००० डॉलरचा बोनस मिळाला. त्याच्याच सांगण्यानुसार तोवर तो सरकारी भत्त्यावर जगत होता. डिसेंबर २०१५ मध्ये जोसे आल्दोला त्याने १३ सेकंदांत झोपवलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कला दोन वजनगटांचे पट्टे एकाच वेळी खांद्यावर घेणारा तो यूएफसीचा पहिला माणूस ठरला. २०१८ मध्ये खबीब नुरमागोमेदोव्हकडून हरला, २०२१ मध्ये दोनदा डस्टिन पॉरिएकडून, त्यातल्या दुसऱ्या वेळी तर पाय मोडला. ‘मॅकग्रेगर फॉरेव्हर’ ही चार भागांची मालिका नेटफ्लिक्सवर १७ मे २०२३ ला आली. त्याचं घर, बायकामुलं, जिम, मोडलेला पाय, पुन्हा उभं राहण्याची धडपड, सगळं तिच्यात आहे. कॅमेरा इतका आत जातो तो अर्थातच त्याच्या संमतीने. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९३६ मध्ये जाऊ.

बर्लिनमध्ये राहणाऱ्यांना माक्स श्मेलिंग हाले नक्की माहीत असेल, प्रेन्झलाउअर बेर्गमधलं ते मोठं क्रीडागृह. मुलांच्या शाळेबरोबर हँडबॉलची मॅच बघायला तुमच्यापैकी कोणी गेलंही असेल. ज्याच्या नावाने ते बांधलंय तो माक्स श्मेलिंग जर्मनीचा आजवरचा सगळ्यात गाजलेला मुष्टियोद्धा. १९३० साली तो हेवीवेट जगज्जेता झाला होता. पण खरी कीर्ती मिळाली १९ जून १९३६ ला. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याने जो लुईला बाराव्या फेरीत आडवं केलं. लुई तरुण, कृष्णवर्णीय, तोवर एकही लढत न हरलेला. श्मेलिंग तिशी ओलांडलेला, संपला म्हणून सोडून दिलेला. मग जिंकला कसा? लुईच्या जुन्या लढतींच्या फिती त्याने पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात जरा खाली सोडतो, हे त्याने त्यात हेरलं. त्या फटीतून त्याचा उजवा हात आत गेला.

श्मेलिंग हिंडेनबुर्ग या हवाई जहाजाने परत आला, हिटलरने त्याला जेवायला बोलावलं, आणि लढतीच्या चित्रफितीचा पूर्ण लांबीचा सिनेमा करून जर्मनीभर दाखवला गेला. सिनेमाचं नाव होतं ‘माक्स श्मेलिंग्स झीग – आइन डॉइचर झीग’, म्हणजे माक्स श्मेलिंगचा विजय, एक जर्मन विजय. नावातच सगळं आलं की नाही? एका माणसाने फिती बघून, डोकं लावून जिंकलेली लढत, आणि सिनेमाच्या शीर्षकाने ती एका वंशाच्या, एका राजवटीच्या खात्यावर जमा करून टाकली. ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिक व्हायचं होतं. जाहिरातीला याहून चांगला मुहूर्त कुठला?

माझा धंदा हिशेब तपासायचा. कोणतीही वही हातात आली की आम्ही आधी दोन गोष्टी बघतो. वही कोणी लिहिली, आणि कोणत्या तारखेला बंद केली. श्मेलिंगच्या सिनेमाची वही जून १९३६ ला बंद झाली. मग त्यात काय काय आलं नाही ते बघा.

२२ जून १९३८ ची परतीची लढत आली नाही. त्याच यांकी स्टेडियममध्ये लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपवलं.

जो जेकब्ज आला नाही. हा श्मेलिंगचा अमेरिकेतला व्यवस्थापक, न्यूयॉर्कचा ज्यू. त्याला काढून टाक म्हणून नाझी राजवटीने दबाव आणला. श्मेलिंगने काढलं नाही.

आणि नोव्हेंबर १९३८ ची ती रात्र आली नाही, जेव्हा जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली. तुमच्या मुलांना शाळेत इतिहासाच्या तासाला याबद्दल शिकवतात. त्या दिवसांत श्मेलिंगने बर्लिनमधल्या आपल्या हॉटेलच्या खोल्यांत ओळखीच्या लेविन कुटुंबातली दोन ज्यू मुलं लपवून ठेवली. पुढे ती मुलं देशाबाहेर पडली आणि जगली. श्मेलिंग याबद्दल कुठे बोलला नाही. १९८९ मध्ये लास वेगासला एका समारंभात त्यांच्यापैकी एकाने, हेन्री लेविनने, ही गोष्ट जाहीरपणे सांगितली, तेव्हा जगाला कळलं. मध्ये ५१ वर्षं गेली होती.

श्मेलिंगला देव करायचं कारण नाही. हिटलरच्या टेबलावर तो जेवला, राजवटीने त्याचा चेहरा वापरला आणि त्याने तो वापरू दिला. युद्धात तो जर्मन सैन्याचा छत्रीधारी सैनिक होता. युद्धानंतर हाम्बुर्गला कोका-कोलाच्या धंद्यात पैसा कमावला, लुईशी त्याची दोस्ती झाली आणि १९८१ मध्ये लुई गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला हातभारही लावला. २००५ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, श्मेलिंग वारला. माणसाच्या आयुष्यातल्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही नोंदी सिनेमाच्या बाहेरच राहिल्या. आत राहिले ते फक्त ठोसे आणि झेंडा.

आता दुसरी गोष्ट, आपल्यापैकी अनेक जण जर्मनीत आल्यानंतरची.

यूएफसी १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला सुरू झाली तेव्हा नियम जवळपास नव्हतेच, वजनगटही नव्हते. सिनेटर जॉन मकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि राज्याराज्यांत बंदीची मागणी केली. हळूहळू नियम आले, हातमोजे आले, वजनगट आले, पंच आणि डॉक्टरांचे अधिकार ठरले. २००१ मध्ये ही कंपनी २० लाख डॉलरना विकली गेली आणि २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना. हे दोन आकडे मुलांना जरूर सांगा. इतका पैसा गुंतलेला असतो तेव्हा लढवय्याची गोष्ट चांगली रंगवण्यात कोणाचा फायदा असतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

जर्मनीत यूएफसीचा पहिला कार्यक्रम १३ जून २००९ ला कोलोनला झाला. स्थानिक राजकारण्यांनी विरोध केला, शेवटी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही या अटीवर तो पार पडला. त्या काळात डीएसएफ या क्रीडावाहिनीवर, जी पुढे श्पोर्ट आइन्स झाली, यूएफसीचे कार्यक्रम लागायचे. इथे माध्यम नियंत्रण मंडळं राज्यांच्या पातळीवर असतात आणि ही वाहिनी म्युनिकजवळची, म्हणून प्रकरण बव्हेरियाच्या मंडळाकडे गेलं. मार्च २०१० मध्ये मंडळाने यूएफसीच्या कार्यक्रमांची मंजुरी काढून घेतली. कारण दिलं हिंसेची तीव्रता, आणि त्यातही विशेष आक्षेप कशावर, तर जमिनीवर पडलेल्या माणसाला मारत राहण्यावर.

या आक्षेपापाशी आपण जरा थांबू या, कारण तुमच्या घरातले आजोबा व्हिडिओ कॉलवर अगदी हेच म्हणतील. ‘ही कसली कुस्ती? पडलेल्याला मारतात होय?’ आपल्याकडच्या मातीत पाठ टेकली की कुस्ती निकाली. चितपट म्हणजे शेवट. वर असलेला मल्ल उठतो, खालच्याला हात देतो, दोघं हलगीच्या तालावर मैदान सोडतात. बॉक्सिंगमध्येही पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत हात लावायचा नाही. एमएमएमध्ये मात्र पडणं म्हणजे लढतीचा पुढचा टप्पा सुरू होणं. पंच थांबवेपर्यंत, किंवा हरणाऱ्याने हाताने थोपटून शरणागती देईपर्यंत. खेळाडू म्हणतील, यालाही नियम आहेत, आम्ही ते जाणून उतरतो, आणि ते खरंच आहे. पण पडलेल्या माणसाशी कसं वागायचं याबद्दल या खेळाची रीत वेगळी आहे हेही तितकंच खरं. मुलाशी बोलायला हा फार चांगला विषय आहे. शाळेच्या अंगणात कोण पडलं तर कुठला नियम लागू होतो, ते त्यालाच विचारा.

बंदीचं पुढे काय झालं? बंदी टीव्हीवर होती, लढतींवर नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबरहाउझेनला यूएफसीचा कार्यक्रम झालाच, मे २०१४ मध्ये बर्लिनलाही झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये म्युनिकच्या प्रशासकीय न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. बंदी मार्च २०१० ते ऑक्टोबर २०१४. मॅकग्रेगर यूएफसीत आला एप्रिल २०१३ मध्ये. म्हणजे त्याचं नाव जगभर व्हायला लागलं तेव्हा इथल्या टीव्हीवर हे कार्यक्रम बंद होते. तरीही आज म्युनिकपासून हाम्बुर्गपर्यंत कुठल्याही शाळेत आठवीच्या वर्गात विचारा, पोरांना त्याचं नाव, त्याची ती हात हलवत चालायची ऐट, सगळं पाठ असतं. टीव्ही बंद होता, फोन चालू होता. एका राज्याच्या मंडळाला जे जमलं नाही ते आपल्याला वायफायचा पासवर्ड बदलून जमेल का? वयाचे आकडे पाळायला हवेत याबद्दल वाद नाही. नेटफ्लिक्सवर मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावता येते, ती लावा. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ही मालिका नाहीच. पण पंधरा वर्षांच्या पोराला नुसतं ‘बघू नकोस’ म्हणणं म्हणजे त्याला ते एकट्याने बघायला लावणं आहे.

मग त्याच्याबरोबर बसून काय विचारायचं? तेच, वही कोणी लिहिली आणि कधी बंद केली.

‘मॅकग्रेगर फॉरेव्हर’ची वही २०२३ ला बंद झाली. आमच्या हिशेबाच्या भाषेत ‘ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना’ असा एक प्रकार असतो. वर्ष संपल्यावर पण अहवालावर सही व्हायच्या आधी काही मोठं घडलं, तर ते सांगावंच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. मालिकेला असा नियम नाही. ती एकदा आली की तशीच राहते. पुढची नोंद घरात आपण करायची.

ती नोंद अशी. २२ नोव्हेंबर २०२४ ला डब्लिनच्या उच्च न्यायालयात एका दिवाणी खटल्यात ज्युरीने मॅकग्रेगरला जबाबदार धरलं. डिसेंबर २०१८ मध्ये एका हॉटेलात त्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला अशी एका स्त्रीची तक्रार होती. ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सुमारे अडीच लाख युरो भरपाई ठरवली. त्याने आरोप नाकारले होते. जुलै २०२५ मध्ये त्याचं अपीलही फेटाळलं गेलं. ही फौजदारी शिक्षा नव्हे, दिवाणी निकाल आहे, हा फरक मुलांना नीट सांगा. पण निकाल आहे. त्याआधी २०१९ मध्ये डब्लिनच्या पबमध्ये एका वयस्कर माणसाला ठोसा मारल्याचा गुन्हा त्याने स्वतः कबूल केला होता आणि १,००० युरो दंड भरला होता.

आपल्याला अवघड वाटतं हे बोलायला, माहीत आहे. पण मोडलेल्या पायावरून उठणारा माणूस आणि कोर्टात हरलेला माणूस एकच आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळू शकतं. त्याची मेहनत खरी आहे. तो निकालही खरा आहे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. मुलीलाही हे आपल्याच तोंडून कळलेलं बरं.

आता शेवटची वही, आपल्या घरातली. ही कोणी नीट लिहिलीच नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबर लांबलेली लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, आणि हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकिगत आहे. तरी कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं यायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग १९५५ मध्ये फौजदाराची नोकरी, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. अलीकडे नागराज मंजुळे यांनी त्यांच्यावर चित्रपट जाहीर केला, तोवर आपल्या मुलांना हे नाव ऐकवायचं काम घराघरातल्या आजोबांवरच होतं.

खाशाबा मॅकग्रेगरपेक्षा थोर, असं म्हणण्यासाठी हे सांगत नाहीये. तशी तुलना मुलांना पटत नाही आणि पटूही नये. सांगायचं एवढंच की कोणाची चार भागांची मालिका होते आणि कोणाची होत नाही, हे त्याच्या डावपेचांवर ठरत नाही. त्यामागे पैसा, भाषा, कॅमेरा आणि कोणाला काय विकायचंय हे असतं. १९३६ मध्ये राजवटीला विजय विकायचा होता, म्हणून श्मेलिंगचा सिनेमा निघाला. त्याने मुलं लपवली, त्याचा सिनेमा तेव्हा निघाला नाही. खाशाबांचा विजय विकायला १९५२ मध्ये कोणी उभंच नव्हतं.

तर मंडळी, मुलाबरोबर बसा आणि श्मेलिंगने लुईच्या फिती बघितल्या तसं बघा. टाळ्या पिटायला नाही, हात कुठे खाली जातो ते शोधायला. प्रत्येक भाग संपला की तीन प्रश्न विचारा. हे दाखवून कोणाला काय मिळालं? कोण दिसलं नाही? आणि कथा ज्या दिवशी थांबली त्याच्या पुढे काय झालं? तिसऱ्याचं उत्तर त्यालाच शोधायला सांगा, ही पोरं शोधण्यात आपल्यापेक्षा हुशार आहेत.

आणि त्याला खरंच लढायचं असेल, तर तेही वाईट नाही. जर्मनीत लहान गावांतही जुडोचा किंवा रिंगनचा, म्हणजे कुस्तीचा, फेराइन सापडतो. वर्गणी साधारण परवडणारी असते, प्रशिक्षक नियम शिकवतो, आणि चटईवर उतरताना समोरच्याला नमस्कार करून हात मिळवायला लावतो. तिथे पहिल्या महिन्यात पोरगं दहा वेळा पडेल. पडल्यावर समोरचा हात देतो की नाही, हे त्याला पडद्यावर नाही, पाठीवर कळेल.

तुमच्या गावात असा चांगला फेराइन असेल, तर खाली गावाचं नाव आणि वयोगट लिहा. दुसऱ्या आई-बाबांना उपयोग होईल.